वाजंत्र्यांचा इतिहास कोणीं लिहावा?

पाली म्हटलें म्हणजे बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें अष्टविनायकांपैकीं बल्लाळेश्वराची पाली उभी राहील. आम्हांस अभिप्रेत असलेली पाली ती नव्हे. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस, एका अंगाला अरबी समुद्र आणि उत्तरेला वसईची खाडी अशा सांदींत जें धारावी बेट आहे, त्याच्या समुद्राकडील कडेला उत्तन, पाली, चौक हीं कोळ्यांचीं गांवें एकाला लागून एक वसलेलीं आहेत. मुंबईंतील धारावीशीं या बेटाचा घोटाळा करूं नये. आज हीं गांवें मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतात. परंतु स्टेशनाजवळच्या उंच इमारती मागें टाकून तेथें जाणारास आपण शहरांत आहों असें सहसा वाटत नाहीं. वस्ती बहुतांशीं ख्रिस्ती कोळ्यांची. डोल जाळ्यानें बोंबील धरावे, बांबूच्या वलांडींवर ते वाळवावे, रविवारीं चर्चला जावें आणि घरीं मराठी बोलावें, असा त्यांचा जीवनक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. साष्टी-वसईकडील जुन्या ख्रिस्ती समाजानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं त्या वर्षीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. नांव इंग्रजी झालें तरी लग्नांतलीं गाणीं मराठीच राहिलीं, आणि त्या गाण्यांच्या चाली वाजविणारे वाद्यमेळही राहिले. प्रस्तुत लेखाचा विषय ते वाद्यमेळ होत.

आपल्याकडे गाण्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. रस्त्यावर वाजविणाऱ्यांचा फारच थोडा. गवयांचीं घराणीं, त्यांचे हट्ट व त्यांच्या आख्यायिका यांनीं ग्रंथांचीं पानें भरलीं आहेत. नाटकांतील पदें कोणीं रचिलीं व रंगभूमीवर तीं प्रथम कोणीं म्हटलीं, हेंही शोधणारास सांपडतें. परंतु वरातीपुढें चालणारा, गांवच्या सणांत वाजणारा, क्वचित् मयतामागून संथ पावलें टाकीत जाणारा जो वाद्यमेळ, त्याची हकीकत विचारूं गेल्यास उत्तर मिळत नाहीं. त्याचा मुख्य कोण होता, त्याच्यापाशीं कोणतीं वाद्यें होतीं, कोणत्या प्रसंगीं तो कोणती चाल वाजवी, यांपैकीं कशाचीच नोंद नसते. ज्याला शब्द नाहींत त्याला इतिहासही नाहीं, असा जणूं आपला अलिखित नियमच होऊन बसला आहे. हा नियम चुकीचा आहे, आणि त्यामुळें आपण एक चालती परंपरा डोळ्यांदेखत गमावीत आहों, असें आमचें म्हणणें आहे.

दारांतली वस्तु नीट दिसावी म्हणून कधीं कधीं अंगणाबाहेर जाऊन मागें वळून पाहावें लागतें. म्हणून प्रथम पालीपासून हजारों मैल दूर असलेल्या एका वाद्यमेळाची हकीकत सांगतों. स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरांत १९९५ सालीं स्टुअर्ट ब्रेथवेट, डॉमिनिक एचिसन व मार्टिन बुलॉक या तरुणांनीं ‘मोग्वाय’ नांवाचा मेळ उभा केला. नांव घेतलें तें एका अमेरिकन चित्रपटांतील काल्पनिक प्राण्याचें. त्यांत कांहीं गूढार्थ नव्हता. वाद्यें तींच, जीं त्या वेळच्या कोणत्याही रॉक मेळापाशीं असत: विजेच्या गिटारी, बास आणि ढोलांचा संच. उणीव एकच होती, ती गाणाराची. ही उणीव त्यांनीं भरून काढली नाहीं. उलट तिच्यावरच आपली इमारत उभारली. १९९७ सालीं निघालेल्या ‘यंग टीम’ या त्यांच्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेंतील अखेरची रचना सोळा मिनिटांहून अधिक वेळ चालते. त्याच मुद्रिकेंतील ‘लाइक हेरॉड’ ही रचना इतक्या हलक्या आवाजानें सुरू होते कीं ऐकणारा पुढें वांकतो. आणि तो वांकला असतां एकाएकीं सर्व वाद्यें मिळून त्याच्यावर कोसळतात.

या तऱ्हेच्या संगीतास ‘पोस्ट-रॉक’, म्हणजे रॉकच्या पलीकडचें, असें नांव आहे. सायमन रेनल्ड्स या इंग्रज समीक्षकानें १९९४ सालीं तें रूढ केलें. रॉकचीं वाद्यें हातीं घेऊन रॉकचें नव्हे असें काम करावयाचें, गिटारीनें केवळ ठसकेबाज तुकडे न वाजवितां नादाचा पोत विणावयाचा, असा त्याच्या विवेचनाचा सारांश आहे. या वाटेनें जाणारे मेळ पुढें अनेक देशांत निघाले. कॅनडांतील माँट्रियल शहरच्या ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ या मेळानें २००० सालीं दोन तबकड्यांची जी मुद्रिका काढली, तींत अवघ्या चार रचना आहेत. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत १९९९ सालीं ‘एक्सप्लोजन्स इन द स्काय’ हा मेळ निघाला. त्याच वर्षीं जपानांतील तोक्यो शहरीं ‘मोनो’ निघाला. यांपैकीं बहुतेकांच्या रचनांत शब्द नाहींत. मोग्वायच्या मेळांतही गळा क्वचितच ऐकूं येतो, आणि ऐकूं आला तरी पुष्कळदां यंत्रांतून असा बदललेला कीं तोही एक वाद्यच भासावा.

असल्या मेळाचा व्यवसाय चालावा कसा, अशी शंका वाचकांस येईल. गाणारा नाहीं म्हणजे ओठांवर बसणारें गाणें नाहीं, आणि तें नाहीं म्हणजे बाजार नाहीं, हा सर्वसाधारण हिशेब आहे. मोग्वायनें तो हिशेब हळूहळू खोटा पाडला. शब्द नसल्यामुळें चित्रपटकारांस हें संगीत सोईचें पडलें. २००६ सालीं झिदान या फुटबॉलपटूवरील चित्रपटास, मागाहून एका फ्रेंच दूरचित्रवाणी मालिकेस आणि अणुयुगाविषयींच्या एका बोधपटास या मेळानें संगीत दिलें. अखेर २०२१ सालीं, मेळ निघाल्यास पंचवीस वर्षें होऊन गेल्यावर, त्याची ‘ॲज द लव्ह कंटिन्यूज’ ही मुद्रिका ब्रिटनच्या खपाच्या यादींत पहिली आली. पंचवीस वर्षें न गातां मिळविलेला हा लौकिक होय.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें या मेळाची सर्वांत महत्त्वाची रचना निराळीच आहे. २००१ सालीं त्यानें ‘माय फादर माय किंग’ नांवाची सुमारें वीस मिनिटांची एकच रचना प्रसिद्ध केली. तिची चाल मेळाची स्वतःची नाहीं. यहुदी लोक आपल्या वर्षारंभीं, पश्चात्तापाच्या दहा दिवसांत, जी एक प्राचीन प्रार्थना म्हणतात तिची ती चाल आहे. मोग्वायनें प्रार्थनेचे शब्द काढून टाकले आणि चाल तेवढी ठेविली. प्रथम ती एकट्या गिटारीवर येते. मग दुसरी गिटार तींत मिसळते. आवर्तनामागून आवर्तनें होत जातात, आवाज चढत जातो, आणि शेवटीं चाल ओळखूं न येण्याइतका नादाचा कल्लोळ माजतो. आतां विचार असा कीं, ही रचना ऐकणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. ज्यास ती प्रार्थना लहानपणापासून पाठ आहे त्याच्या मनांत शब्द आपोआप उमटतात. वाद्यें वाजत असतात आणि तो आंतल्या आंत म्हणत असतो. ज्यास ती ठाऊक नाहीं त्यास केवळ एक करुण चाल वादळांत शिरल्यासारखी वाटते. वाजविणारे तेच, स्वर तेच. परंतु ऐकिलेल्या वस्तु दोन. शब्दावांचूनच्या संगीतांत शब्द नसतात असें नव्हे. ते ऐकणाराच्या ठायीं असतात.

हाच न्याय घेऊन आतां पालीस येऊं. या समाजाच्या लग्नांत ‘उंबराचें पाणी’ नांवाचा विधि असतो. लग्नाच्या आधल्या दिवशीं आप्तेष्ट व शेजारीपाजारी वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरतात आणि तें घरीं आणून नवऱ्या मुलास वा मुलीस त्या पाण्यानें न्हाऊं घालतात. पुढें बँड असतो. तो ज्या चाली वाजवितो त्यांतल्या कित्येक लग्नगाण्यांच्या असतात. मागून चालणाऱ्या बायांना ती ओळ न ओळ येते. कधीं त्या मोठ्यानें म्हणतात, कधीं नुसते ओठ हलतात. त्याच रस्त्यानें जाणारा परगांवचा मनुष्य मात्र कर्णे व ढोल यांचा उत्साही गलका ऐकून पुढें जातो. ग्लासगोच्या वीस मिनिटांच्या रचनेनें जे दोन श्रोते निर्माण केले, ते पालीच्या वाटेवर कितीतरी आधींपासून शेजारी शेजारी उभे आहेत.

हा मेळ येथें आला कोठून? या बेटावरील नादाचा इतिहास राजकीय इतिहासापासून वेगळा काढतां येत नाहीं. १५३४ च्या तहानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि चर्चच्या घंटा या किनाऱ्यावर वाजूं लागल्या. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत धारावीचा किल्ला व अखेर वसई मराठ्यांचे हातीं आली. त्या वेळीं वसईकडील चर्चांच्या कित्येक घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत, वाईजवळील मेणवलीस व भीमाशंकरास त्या आजही पाहावयास मिळतात. एका देवाला हांक मारणारी वस्तु दुसऱ्या देवाला हांक मारूं लागली, आणि नाद कांहीं बदलला नाहीं. नादास स्वतःचा धर्म नसतो, त्याला अर्थ देणारा ऐकणारा असतो, याचें याहून ठळक उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

मागें राहिलेल्या ख्रिस्ती वस्तींत चर्चचें गाणें टिकलें. तिकडे गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची पद्धति पोर्तुगीज अमदानींत होती. इकडे इंग्रजी राज्याबरोबर पलटणींचे बँड आले. पितळी कर्णे, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, एक पडघम आणि एक मोठा ढोल असा हा संच मुळांत शिपायांचीं पावलें एका ठेक्यांत पडावीं म्हणून केलेला. तो छावणींतून संस्थानिकांच्या दरबारीं आणि तेथून लग्नाच्या मांडवाशीं आला. ठिकठिकाणच्या बँडवाल्यांचे गणवेश अजून पलटणी थाटाचे असतात, त्याचें कारण हेंच. कागदावर लिहिलेले स्वर वाचणारे गोमंतकीय वादक मुंबईस येऊन हॉटेलांत, पोलिसांच्या बँडांत व पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. या वादकांनीं हजारों चित्रगीतांस साथ केली. पडद्यावर नांव संगीतकाराचें, कवीचें व गाणाराचें आलें, त्यांचें आलें नाहीं. मजोर्डे गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे यांतले थोर व्हायोलिनवादक. संगीतकार प्यारेलाल यांचे ते गुरु. आज त्यांचें नांव लाखो लोकांच्या तोंडीं आहे. परंतु तें त्यांच्या वाजविण्यामुळें नव्हे, तर त्यांच्या शिष्यानें १९७७ सालच्या एका चित्रपटांतील गाण्याच्या शब्दांत तें गुंफलें म्हणून. वादकास अमर व्हावयाचें असेल तर त्यानें गाण्यांतला एक शब्द झालें पाहिजे, असा हा विलक्षण न्याय आहे.

पितळी बँडाच्या जोडीस या किनाऱ्यावर जें दुसरें वाद्य आलें त्याची कुळकथा याहूनही अद्भुत आहे. जपानांतील नागोया शहरीं मोरिता गोरो नांवाच्या गृहस्थानें १९१२ सालीं, तैशो राजवटीच्या पहिल्याच वर्षीं, एक नवें तंतुवाद्य तयार केलें. टंकलेखनयंत्राला असतात तशा कळा त्यानें तारांवर बसविल्या. डाव्या हातानें कळ दाबावी कीं तार योग्य ठिकाणीं दबते. उजव्या हातांतल्या नखीनें ती छेडावी. सुरांच्या जागा बोटांनीं शोधाव्या लागत नाहींत, म्हणून घरच्या घरीं शिकावयास सोपें. हें ‘तैशोगोतो’ समुद्रमार्गें हिंदुस्थानांत आलें आणि त्याचीं नांवें बदलत गेलीं. कोणीं त्यास बुलबुलतरंग म्हटलें, बलुचिस्तानांत तें आकारानें वाढून ‘बेंजू’ झालें, आणि आपल्या मुंबई-कोंकणांत तें ‘बेंजो’ किंवा ‘बँजो’ म्हणून रुळलें. कातड्यानें मढविलेल्या अमेरिकन बँजोशीं त्याचें नातें नांवापुरतेंच आहे.

बेंजोच्या तारांखालीं विजेचा ग्राहक बसवून त्याचा आवाज कर्ण्यांत सोडण्याची युक्ति निघाली, तेव्हां या घरगुती वाद्याचा पुनर्जन्म झाला. हातगाडीवर किंवा टेंपोवर कर्णे बांधावे, मध्यें बेंजोवाला, बाजूस कीबोर्ड, भोंवतीं ढोल, ताशा व ऑक्टोपॅड, अशी ‘बेंजो पार्टी’ गणपतींत, हळदींत, वरातींत व सणांत सर्वत्र दिसूं लागली. विजेवर वाजणाऱ्या तारा, ढोलांचा ताफा आणि गाणारा नाहीं: ज्या मेळास परदेशांत समीक्षकांनीं नवें नांव देऊन गौरविलें त्याचा साचा आमच्या कोळीवाड्यांस अपरिचित नव्हता. फरक इतकाच कीं, येथें त्याचें नामकरण करावयास कोणी समीक्षक आला नाहीं. २०१६ सालीं रवि जाधव यांनीं ‘बँजो’ नांवाचा हिंदी चित्रपट काढला, त्या वेळीं मात्र या वादकांकडे शहरी प्रेक्षकांनीं घटकाभर वळून पाहिलें.

हें साम्य केवळ वरवरचें आहे असें कोणी म्हणेल, म्हणून नादाच्या अंगानें थोडें खोल जाऊं. छेडलेल्या तारेचा एक जन्मजात दोष असा कीं तिचा सूर उमटतांच विझूं लागतो. गळा किंवा कर्णा श्वास आहे तोंवर सूर धरून ठेवितो. तारेला तें साधत नाहीं. मग लांब सूर हवा असेल तर वादकानें काय करावें? एकच तार त्यानें अतिशय जलद, पुनःपुन्हां छेडावी, म्हणजे थेंबांची धार व्हावी तसे तुटक ठोके मिळून एक थरथरता अखंड सूर होतो. मोनो, एक्सप्लोजन्स इन द स्काय वगैरे मेळांच्या गिटारींची जी ओळखीची थरथर, ती हीच. आणि बेंजोवाला चालीच्या लांब सुरावर आला म्हणजे त्याची नखी जी फिरूं लागते, तीही हीच. दोघांनीं एकमेकांस कधीं ऐकिलें नसेल. परंतु एकाच अडचणींतून दोघांस एकच वाट सांपडली. बेंजोस आणखी एक बंधन आहे. कळांमुळें सूर पायरीपायरीनें जातो. गळ्यासारखी मींड त्यास सहजीं येत नाहीं. म्हणून गाण्यांतला जो भाव गाणारा सुरांच्या घसरणींत ठेवितो, तो बेंजोवाल्यास ठोक्यांच्या घनतेंत ठेवावा लागतो. चाल चित्रपटांतली असली तरी हें रूपांतर त्याचें स्वतःचें असतें, आणि तें नक्कल म्हणून सोडून देणें अन्यायाचें आहे.

दोन्ही मेळांत एक मोठें अंतरही आहे, आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. मोग्वायसारखा मेळ बंद सभागृहांत, शांतता विकत घेतलेल्या श्रोत्यांपुढें वाजवितो. त्यास हलक्या आवाजानें आरंभ करणें परवडतें. रस्त्यावरचा मेळ आरंभापासून मोठ्यानें वाजवितो, कारण त्यास समुद्राचा वारा, मोटारींचे भोंगे आणि नाचणाऱ्यांची आरोळी यांवर मात करावयाची असते. तेव्हां हळूहळू चढत जाणें, हा जो पोस्ट-रॉकचा प्राण, तो आमच्या मेळांत नाहीं असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण हा निर्णय मेळाबरोबर चालणाराचा झाला. क्षणभर आपण घराच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या म्हातारीच्या कानांनीं ऐकूं. प्रथम वाऱ्याच्या झोताबरोबर दुरून मोठ्या ढोलाचा नुसता ठोका येतो; चाल नाहीं. मग ताशाचा कडकडाट त्यांत मिसळतो. मग वळणावरून कर्ण्याचे किंवा बेंजोचे एकदोन उंच सूर सुटे सुटे पोंचतात. तेवढ्यावरून ती चाल ओळखते, आणि ‘अमक्याच्या घरचें पाणी निघालें’ असें म्हणते. मेळ दाराशीं येतो तेव्हां भांड्यांना कंप सुटतो, बोललेलें ऐकूं येत नाहीं. मग तो पुढें जातो. सूर आधीं जातात, ताशा मागाहून जातो, आणि शेवटीं पुन्हां दूरचा ढोल तेवढा उरतो. ग्लासगोचा मेळ एका जागीं उभा राहून आवाज चढवितो आणि उतरवितो. पालीचा मेळ आवाज न बदलतां चालत राहतो, आणि चढउतार रस्ता करून देतो. ती रचना कोणीं लिहिली नाहीं. गांवच्या वाटेनें लिहिली. असें असतांना तिला रचना म्हणावयाचें नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं.

आतां या मेळांच्या सांप्रतच्या स्थितीविषयीं. त्यांच्यावर दोन बाजूंनीं संकट आहे. एक बाजू कायद्याची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत कर्णे बंद ठेवावे लागतात, आणि निवासी वस्तींत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल अशी घालून दिली आहे. या नियमांस आमचा विरोध नाहीं. आजारी माणसास झोंप हवी, विद्यार्थ्यास अभ्यास हवा, आणि सणाच्या नांवाखालीं होणारा धिंगाणा कोणाही समंजस माणसास नकोसाच आहे. दुसरी बाजू यंत्राची, आणि ती अधिक घातक आहे. कर्ण्यांच्या भिंती रचून तयार मुद्रित गाणीं लावणारा ‘डीजे’ आला, आणि आठदहा वादकांच्या मेळाचें काम एक माणूस करूं लागला. मोजणाऱ्या यंत्रापुढें दोघेही सारखेच; तेथें फक्त आंकडा उठतो. परंतु एक बंद केला तर एक यंत्र बंद होतें. दुसरा बंद पडला तर आठदहा जणांचे हात रिकामे होतात, आणि त्या हातांत असलेल्या चाली त्यांच्याबरोबर जातात. आवाज आणि संगीत यांत फरक करावयाचा असेल तर आधीं त्या संगीताची कोठेंतरी नोंद असली पाहिजे. ती नोंदच आपण केलेली नाहीं.

कां केली नाहीं, याचें उत्तर थोडें लाजिरवाणें आहे. देशावर व कोंकणांत वाजविण्याचें काम आपण ठराविक जातींवर सोंपविलें. गुरवानें देवळांत चौघडा वाजवावा, मांगानें लग्नांत सनई-डफ वाजवावा. त्यांच्या वाजविण्यावांचून आपलें मंगलकार्य अडे, पण त्यांतल्या कित्येकांना पंगतींत जागा नसे. ज्यास घरांत घेतलें नाहीं त्याचा इतिहास ग्रंथांत कोण घेणार? ख्रिस्ती कोळीवाड्यांत वादक हा शेजारचाच मुलगा असतो, त्यामुळें तेथें हें कारण तितकें लागू नाहीं. पण तेथेंही शब्दांचा पक्षपात आहेच. शांता शेळके यांनीं लिहिलेलीं आणि हृदयनाथ मंगेशकरांनीं स्वरबद्ध केलेलीं कोळीगीतें महाराष्ट्रांतील घराघरांत पोंचलीं, आणि तें योग्यच झालें. डोलकराचें नांव शहरास ठाऊक झालें तें त्यांच्यामुळें. पण त्याच डोलकराच्या लग्नांत ज्यानें कर्णा फुंकला त्याचें नांव विचारा, म्हणजे त्याच्या गल्लीबाहेर तें कोणास सांगतां येणार नाहीं.

याउलट जेथें एखाद्या थोर पुरुषाचा हात लागला, तेथें वाद्यमेळाचा इतिहास व्यवस्थित राहिला आहे. अल्लाउद्दीन खांसाहेबांनीं १९१८ च्या सुमारास मैहर संस्थानांत अनाथ मुलें गोळा करून जो वाद्यवृंद उभा केला, त्याची हकीकत आज उपलब्ध आहे. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनीं ‘नलतरंग’ नांवाचें वाद्य केलें, हेंही आपणांस माहीत आहे. मैहरच्या मुलांहून पालीचे वादक कमी मोलाचे म्हणून त्यांची नोंद राहिली नाहीं, असें नव्हे. त्यांच्यापाशीं उस्ताद नव्हता, आणि आपल्यापाशीं कान नव्हता, एवढेंच.

आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक गांवांत अजून असा एखादा वृद्ध वादक सांपडतो, ज्याला पाणी भरावयास जातांना कोणती चाल, नवरी निघतांना कोणती, सणाच्या दिवशीं चर्चमधून बाहेर पडतांना कोणती, आणि मयताबरोबर कोणती, हें विचारतांच वाजवून दाखवितां येतें. त्याचें ऐकून घ्यावें. चाल ध्वनिमुद्रित करावी. आणि जी बाई ती ऐकतांना ओठ हलविते तिच्याकडून शब्दही लिहून घ्यावे. दोहोंपैकीं एकावर भागणार नाहीं. शब्द गेले तर पुढच्या पिढीस ती चाल परक्या वाटसरूसारखी ऐकूं येईल. चाल गेली तर शब्द कागदावर वाळलेल्या मासळीसारखे पडून राहतील. मेळाचें नांव, मुख्याचें नांव, वाद्यांची यादी, मेळ केव्हां निघाला व केव्हां मोडला, एवढें जरी एका वहींत उतरलें तरी पुष्कळ झालें. हें काम विद्यापीठानें करावें अशी वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. गांवच्या शाळेंतला एक शिक्षक आणि चर्चमधला एक गाणारा मुलगा यांना तें एका उन्हाळ्यांत होण्यासारखें आहे.

ग्लासगोच्या मेळाच्या प्रत्येक मुद्रिकेचें साल, प्रत्येक वादकाचें नांव आणि प्रत्येक रचनेची लांबी आम्हांस घरबसल्या कळली, आणि वर आम्हीं ती लिहूनही दाखविली. पालीच्या वाटेवरून जो मेळ गेला त्याच्यांतल्या एकाही वादकाचें नांव आम्हांस या लेखांत लिहितां आलें नाहीं. वाचकांनीं दोन्ही भाग पुन्हां एकदां शेजारीं ठेवून पाहावे. लेखाच्या मथळ्यांतल्या प्रश्नाचें उत्तर त्या अंतरांत आहे. हें अंतर कमी करणारा लेख याच मासिकांत कोणीतरी लवकर लिहावा, आणि त्यांत नांवें असावीं, एवढी विनंति करून आम्ही लेखणी खालीं ठेवितों.